वन्संनी शिकवलेलं चौथं कडवं

पाच महिने आणि वर अकरा दिवस वन्सं तिच्याशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. घर एक, न्हाणीघर एक, चहाचं पातेलं एक, आणि दोन बायकांच्या तोंडाला दोन कुलपं. मग एका रविवारी संध्याकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, "अगं, खालून दुसरी तार उतरलीय! ठार बहिऱ्यालासुद्धा कळेल!"

बोलणं सुरू झालं ते असं, डाफरून.

ती पलंगाच्या कडेवर गिटार घेऊन बसली होती. वन्संचीच गिटार. वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. आठ वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर भावाकडे राहायला आल्या त्या एक बॅग आणि ही गिटार घेऊन. आता तुम्ही म्हणाल, नणंदेची गिटार भावजयीनं वाजवली तर त्यात डाफरण्यासारखं काय आहे? सांगते. वन्संच्या डाव्या हाताची मधली दोन बोटं पेरापासून गेली होती, आणि ती गेली तेव्हा शिफ्टची सुपरवायझर ही होती.

दोघी डब्यांची झाकणं करायच्या कारखान्यात. तिथलं काम असं, की पत्र्याची पट्टी मशीनखाली सरकवायची, दोन हातांनी दोन बटणं दाबायची, वरून लोखंडी डाय दणकन खाली येतो आणि झाकण पडतं. बटणं दोन का? तर दोन्ही हात बटणांवर असले की डायखाली एकही राहत नाही. शेंबड्या पोरालाही समजेल. पण पत्रा सरकवायचा, मग दोन्ही हात बटणांवर न्यायचे, यात वेळ जातो, आणि मालकाला तासाला जास्त झाकणं हवी होती. मालक कधी 'बटण बांधा' म्हणाला नाही. तो पक्का. तो म्हणायचा, "बघा काहीतरी, तुम्ही अनुभवी आहात." मग अनुभवी बाईनं काय केलं? चार नंबरच्या मशीनचं डावं बटण लाकडाच्या ढलपीनं दाबून ठेवलं आणि वरून काळी टेप गुंडाळली. आता उजव्या हातानं बटण, डाव्या हातानं पत्रा. झाकणं वाढली, म्हणून दोन आणि सात नंबरचंही बांधलं. चौथ्या आठवड्यात वन्संचा डावा हात डायखाली राहिला.

इथपर्यंत मीसुद्धा म्हणेन, झाली चूक, माणसाच्या हातून होते. पण पुढचं ऐका. वन्संना टेंपोत घालून रुग्णालयात नेत होते, तेव्हा ही बाई चार नंबरपाशी उभी राहून टेप सोलत होती. ढलपी खिशात टाकली. मग ऑफिसात गेली आणि अपघात नोंदवहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'कामगाराच्या निष्काळजीपणामुळे डावा हात डायखाली गेला. यंत्र सुस्थितीत.' खाली सही.

म्हणजे बोटं गेली ती वन्संनी स्वतःच घालवली, असं ठरलं. भरपाईचा अर्ज परत आला. वन्संना मशीनवरून उठवून पॅकिंगला बसवलं, कारण कागदावर बाई निष्काळजी. सोळा वर्षं मशीन चालवलेली बाई! रुग्णालयातून घरी आल्या त्या दिवशी त्या एकच वाक्य बोलल्या, "ती ओळ बदल." ही म्हणाली, "माझी नोकरी जाईल." संपलं. तेव्हापासून अबोला.

नवरा औषधांच्या दुकानात काउंटरवर उभा असायचा. इकडे बायको, तिकडे बहीण, आणि हा दोन्ही डगरींवर हात ठेवण्यात पटाईत. घरात जरा ताण वाढला की टीव्हीचा आवाज वाढवायचा. त्या रविवारी वन्संनी त्याला सांगितलं, "ती गिटार भंगारवाल्याला दे. उगाच जागा अडवतेय." तो बिचारा गिटार हातात घेऊन दारात उभा राहिला, तेवढ्यात हिनं ती ओढून घेतली. "द्या इकडे. चांगली वस्तू आहे."

का घेतली? वाजवायची हौस होती म्हणाल तर हिला उभ्या जन्मात शिट्टीसुद्धा वाजवता आली नव्हती. खरं कारण मी सांगते, तिनं ते स्वतःलाही सांगितलं नव्हतं. तिला वन्संचा आवाज ऐकायचा होता. घरात एक माणूस आपल्याकडे खुंटीकडे पाहावं तसं पाहतं, हे तिला सोसेना झालं होतं. बेसूर वाजवलं तर वन्संना ते सहन होणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि तसंच झालं.

"पिळ ती खुंटी," भिंत म्हणाली. "उलटी नाही, सुलटी. तोडशील! मग तार कोण आणणार, तुझा मालक?"

"तुम्हीच येऊन पिळा ना मग."

"कशानं पिळू? अंगठ्यानं?"

पलीकडे दार आपटलं. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हिनं पुन्हा गिटार घेतली, आणि भिंत पुन्हा बोलली.

गिटारच्या पिशवीत एक पातळ पुस्तिका होती, फिटरच्या गाण्यांची. शब्द आणि शब्दांवर कॉर्डची नावं, म्हणजे बोटं कुठल्या तारांवर दाबायची त्याच्या खुणा: जी, एफ, ए मायनर. फिटर म्हणजे गाणारा फिटर. तो खरोखरच फिटर होता, बॉयलर दुरुस्त करायचा, मग पाने टाकले आणि गिटार उचलली. त्यानं गाणी केली ती झाडूवाल्यांवर, भाड्याच्या खोल्यांवर, बारा तासांच्या शिफ्टवर, गेटबाहेर रांगेत उभ्या असलेल्या माणसांवर. आणि केली ती तीन-चार कॉर्डमध्ये, कारण ज्याला दिवसभर राबून आल्यावर शिकायचंय त्याला सोपं पडलं पाहिजे, असं तो म्हणायचा. वन्सं त्याची कॅसेट मागे-पुढे करून करून शिकल्या होत्या. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत त्या वाजवायच्या आणि लांबलचक टेबलावरच्या सगळ्या बायका म्हणायच्या. एके काळी हीसुद्धा त्या टेबलावर बसून म्हणायची. सुपरवायझर झाल्यावर ती ऑफिसात जेवायला लागली. आणि वन्संची बोटं गेल्यावर टेबलावर गाणंच राहिलं नाही. फक्त ही जवळून गेली, की कुणीतरी नाकातल्या नाकात एक चाल गुणगुणायचं, आणि हिनं मान वळवली की गप्प. ती चाल 'दोन बटणं' या गाण्याची होती. पहिलं कडवं कारखान्यात सगळ्यांना पाठ, हिलाही.

तीन आठवडे भिंतीतून शिकवणी चालली. काय एकेक बोल ऐकून घेतले तिनं!

"जी धरतेस की भाजी निवडतेस?"

"बोटं दुखतात हो."

"दुखतात ना? म्हणजे आहेत."

ती पुन्हा बोटं ठेवायची. तारांनी बोटांच्या टोकांना चरे पडले, मग कातडी निबर झाली. झाडूवालीचं गाणं आलं. भाड्याच्या खोलीचं आलं. शिफ्टचं गाणं ती एका लयीत शेवटपर्यंत वाजवू शकली, त्या दिवशी तिनं आनंदानं हाक मारली, "वन्सं, ऐकलंत का?" भिंतीनं उत्तर दिलं, "ऐकलं. शिफ्ट बारा तासांची आहे, तू ती सहा तासांत उरकलीस. इतकी घाई कसली? इथं झाकणं मोजायची नाहीयेत."

अंगाचा तिळपापड झाला तिचा. पण तिसऱ्या दिवशी ती ते गाणं सावकाश वाजवत होती.

एफ मात्र येईना. एफला पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबून ठेवायचं आणि बाकीची बोटं वेगळ्या जागी. नवशिक्यांची तिथंच शेंडी अडकते. चार दिवस नुसती खरखर ऐकल्यावर वन्सं भिंत सोडून दारात आल्या, सहा महिन्यांत पहिल्यांदा तिच्या खोलीत. "सरक," म्हणाल्या. बाजूला बसल्या, गिटारचा दांडा डाव्या हातात घेतला, पहिलं बोट आडवं टेकवलं. आणि थांबल्या. पुढची बोटं ठेवायला बोटंच नव्हती. सवयीनं हात गेला होता. दोन थोटकं तारांच्या वर हवेतच राहिली.

ती त्या थोटकांकडे बघत राहिली.

"बघत काय बसलीस?" वन्सं खेकसल्या. "कोपर अंगाजवळ आण. अंगठा मागे. धर!"

तिनं धरला. एफ वाजला, स्वच्छ, सहाही तारांचा. वन्सं उठून गेल्या. पण दुसऱ्या दिवसापासून त्या भिंतीऐवजी दारात स्टूल टाकून बसायला लागल्या, आणि तिला वाटायला लागलं, की आता हे निवळतंय. नवऱ्यालाही वाटलं. त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला.

मग सुरक्षा सप्ताह आला. दरवर्षी कारखान्यात एक दिवस मशीनं तासभर थांबवून मालक भाषण करतो, हेल्मेट घालून फोटो काढतो, समोसे की काय ते खाऊन सगळे परत कामाला. गेटवर एक मोठा फळा आहे, 'अपघातमुक्त दिवस', त्याच्यापुढे आकडा. यंदा आकडा दोनशे एक्केचाळीस. तुम्हाला वाटेल, आठ महिन्यांपूर्वी काय झालं ते या फळ्यावरून तरी कळतं. छे! फळा नुसता दिवस मोजतो.

मालकानं तिला बोलावलं. "बाई, तुम्ही गिटार शिकताय म्हणे? वा! मग भाषणानंतर एक गाणं होऊन जाऊ दे. त्या फिटरचं लावा, बायकांना आवडतं. फक्त भांडखोर नको."

"'दोन बटणं' म्हणू का? सुरक्षेवरच आहे."

"म्हणा बघू."

तिनं पहिलं कडवं म्हणून दाखवलं.

*एक बटण डाव्या हाताचं, एक बटण उजव्याचं,*
*दोन्ही हात बाहेर ठेव, भय नाही मग दातांचं.*

मालक खूश. "अहो, हे तर पोस्टरवर छापायला हवं!"

आणि तिला काय वाटलं? सांगते. तिला वाटलं, सगळ्या टेबलासमोर आपण त्यांचं गाणं म्हणणार, तेही वन्संकडून शिकून. बायका बघतील. जेवताना सरकून जागा करतील. नोकरीही राहील आणि टेबलही मिळेल. बाई हुशार, पण स्वतःच्या बाबतीत अगदीच भोळसट.

संध्याकाळी तिनं वन्संना सांगितलं. वन्सं स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"शिकवते," त्या म्हणाल्या. "पण पूर्ण. चारही कडवी. अर्धं गाणं मी कुणाला शिकवत नाही. आणि म्हणायचंस तर तिथंही पूर्ण म्हणायचं. कबूल?"

"कबूल."

"तुझी शपथ नको मला. तुझं अक्षर किती खरं असतं ते मी वाचलंय."

हा टोला तिनं निमूट गिळला. वाटलं, सवयीनं बोलल्या.

वन्संची शिकवायची पद्धत अशी, की आधी शब्द नाहीत. चालीवर कॉर्डची नावंच म्हणायची. ए मायनर, ए मायनर, जी, एफ. पंधरा दिवस ती स्वयंपाक करताना, बसची वाट बघताना तेच म्हणत होती. त्यानंतर शब्द. तोवर तिच्या डोक्यात प्रत्येक शब्द म्हणजे बोट उचलायची खूण झाला होता. 'टेबलावर' आलं की जी. 'जागेवर' आलं की एफ, कोपर अंगाजवळ. तुम्ही विचाराल, ओळ तोंडात असून अर्थ कळला नाही? जो कुठलंही वाद्य शिकलाय त्याला विचारा. शिकणाऱ्याच्या कानात गाणं सगळ्यात शेवटी शिरतं. आणि खरं सांगू? तिला ते शिरायला नकोही होतं.

चौथ्या कडव्याच्या शेवटी एक विचित्र जागा होती. ओळ अर्धी सुटायची आणि नुसते चार ठोके यायचे, शब्दच नाहीत.

"इथं काय म्हणायचं?"

"काही नाही. चार ठोके मार. मग पुढे."

"कॅसेटमध्ये पण असंच आहे?"

"असंच आहे. स्टुडिओत तो एकटा होता."

एकदा ती ते कडवं म्हणत असताना नवरा औषधांची पिशवी घेऊन दारात उभा राहिला. सगळं ऐकलं. मग हळूच म्हणाला, "अगं, शब्द ऐकतेस का तू?"

"शब्द काय ऐकायचेत? ते फिटरच्या कारखान्यातलं आहे," ती म्हणाली. "एफ बघा कसा लागला."

तो वन्संकडे बघायला लागला. वन्सं तारेवरचा गंज पुसत होत्या. त्यानं आत जाऊन टीव्ही लावला.

सुरक्षा सप्ताहाच्या दिवशी सकाळी अकराला मशीनं बंद झाली. जेवणाच्या हॉलमध्ये टेबलं भिंतीला लावली होती. साठेक बायका, वीसेक पुरुष, समोर खुर्ची. पॅकिंगच्या बायका मागच्या ओळीत, त्यांत वन्सं. मालकाचं भाषण झालं. "आपण सगळे एक कुटुंब आहोत," तो म्हणाला, आणि कुटुंबानं जांभया दिल्या. मग म्हणाला, "आता आपल्या सुपरवायझरबाई गाणार आहेत." कुणीही टाळी वाजवली नाही. पुढच्या ओळीतली लठ्ठ वेल्डरबाई शेजारणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "घ्या! आता हेच बघायचं राहिलं होतं."

तिनं ए मायनर धरला.

पहिलं कडवं तिनं एकटीनं म्हटलं. दुसऱ्याला मागून एक आवाज मिळाला, मग दोन. तिसऱ्याला सगळा हॉल म्हणत होता. आठ महिन्यांनी ते लोक गात होते, आणि तिच्या ठेक्यावर गात होते. मालक खुर्चीत बसून बुटानं ताल धरत होता. चौथं कडवं सुरू झालं, आणि सगळ्यांनी एकदम तोंडं मिटली. कुणी खूण केली नाही, सगळ्यांना ते माहीत होतं. चौथं कडवं गाणाऱ्यानं एकट्यानं म्हणायचं असतं.

*रक्त पुसलं, लादी धुतली, वही आली टेबलावर,*

तिचा आवाज त्या शांत हॉलमध्ये उघडा पडला.

*वही म्हणे चूक हाताची, यंत्र अगदी जागेवर.*

तेव्हा तिनं ती ओळ ऐकली. पहिल्यांदा. स्वतःच्याच तोंडून. बोटं मात्र शिकवल्यासारखी एफवर गेली आणि तोंडानं पुढचं म्हणून टाकलं.

*बटण होतं बांधलेलं...*

आणि चार ठोके. पण ते रिकामे नव्हते. साठ बायकांनी त्या चार ठोक्यांत विचारलं, "बांधलं कुणी?"

ओरडून नाही, सरळ तालात. सभांमध्ये ते असंच व्हायचं. फिटर चार ठोके मोकळे सोडायचा, लोक विचारायचे, आणि तो त्या त्या कारखान्याच्या मालकाचं नाव घ्यायचा. नाव घेतल्याशिवाय गाणं पुढे जात नाही. गाणारा चार ठोके मारत राहतो आणि लोक विचारत राहतात. कॅसेट ऐकून शिकणाऱ्याला हे कळायचं काही कारण नाही. वन्संना माहीत होतं, कारण त्या आणि टेबलावरच्या बायका त्याच्या सभांना जायच्या; ही कधी गेली नव्हती, आणि कारखान्यात चौथं कडवं कुणी म्हणत नसे.

तिनं पुन्हा चार ठोके मारले. "बांधलं कुणी?"

पुन्हा चार. "बांधलं कुणी?"

मालकाचा बूट तालात हलत होता. त्याला वाटलं, गाण्याचाच भाग आहे, गंमत आहे. एकदा तर त्याचेही ओठ हलले, "बांधलं कुणी?" तिनं मागच्या ओळीत पाहिलं. वन्सं विचारत नव्हत्या. त्या फक्त बसल्या होत्या, हात मांडीवर, डावा वर.

मालकाचं नाव तिच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. ते घेतलं असतं तर हॉल डोक्यावर घेतला असता लोकांनी, तिला हवं ते टेबल मिळालं असतं, आणि ते निम्मं खरंही होतं. पण ढलपी त्यानं ठोकली नव्हती. टेप त्यानं सोलली नव्हती.

"बांधलं कुणी?"

"मी," ती म्हणाली.

हात थांबला. हॉल थांबला. मालकाचा बूट अजून दोनदा हलला, मग तोही थांबला.

"चार नंबरचं डावं बटण. मी बांधलं. वन्संना टेंपोत घातलं तेव्हा टेप काढली तीही मीच. आणि वहीत खोटं लिहिलं." ती मागच्या ओळीकडे वळली. "मशीन ठीक नव्हतं. वन्संची काही चूक नव्हती."

"बाई, अहो, कार्यक्रम चाललाय," मालक उठून हसत म्हणाला. मग हसू गेलं. "चला, ऑफिसात बोलू आपण."

"ऑफिसात नको. वही इथं आणा."

"त्या वहीत खाडाखोड चालत नाही."

"खाडाखोड करत नाही. खाली लिहिते."

वही आणायला मालक हलला नाही, पण वेल्डरबाई हलली. तिला अडवायची कुणाची छाती? वही आली. तिनं गिटार खुर्चीला टेकवली आणि उभ्यानंच, सगळ्यांसमोर, त्या ओळीखाली लिहिलं. टेप लिहिली, ढलपी लिहिली, तारीख लिहिली. 'जास्त उत्पादनासाठी' हेही लिहिलं. सही केली. वेल्डरबाईनं ते मोठ्यानं वाचलं, आणि मग खिशातून फोन काढून पानाचा फोटो घेतला. तिच्यामागे आणखी आठ-दहा जणींनी घेतला. मालकानं फक्त हात पुढे केला. तिनं शिफ्टच्या किल्ल्या त्याच्या हातात ठेवल्या.

"उद्यापासून येऊ नका," तो म्हणाला.

टाळ्या? नाही वाजल्या. कशाला वाजतील? एका बाईची बोटं गेली होती आणि दुसरीनं ते आठ महिने दडपलं होतं. ती गिटार घेऊन दाराकडे निघाली तेव्हा लोकांनी वाट दिली, इतकंच. पाठीमागे मशीनं सुरू झाली नाहीत, आणि मालक कुणावर तरी ओरडत होता.

वन्सं संध्याकाळी घरी आल्या. ती स्वयंपाकघरात बसून होती. डोळे सुजले होते. नवरा दुकानातून लवकर आला होता. घरातला मोठा पगार तिचा होता.

"वन्सं," ती उठून म्हणाली, "मी चुकले. फार वाईट वागले मी तुमच्याशी. मला माफ..."

"फोटो पाहिला मी पानाचा," वन्सं म्हणाल्या. "नीट लिहिलंयस. उद्या मी तो घेऊन अर्ज करायला जाणारेय. वेल्डरबाई येतेय सोबत. दोन नंबरची टेप दुपारीच निघाली. सात नंबरचीसुद्धा. बायका मशीनला हात लावेनात म्हणून काढली."

"बरं झालं."

"हो. गिटार दे."

तिनं दिली. वन्संनी ती पिशवीत घातली, पुस्तिका घातली, चेन लावली आणि स्वतःच्या खोलीकडे निघाल्या. तिला काहीतरी उमगत होतं आणि उमगू नये असंही वाटत होतं.

"वन्सं, मग इतके दिवस रोज दारात बसून मला शिकवत होतात ते..."

"त्या चार ठोक्यांसाठी. तुला काय वाटलं?"

एफ धरायला शेजारी येऊन बसलेली नणंद तिला आठवत होती. आता मात्र तिला रडू आवरेना. नोकरी गेली तेव्हाही ती इतकी रडली नव्हती.

नवरा मध्ये पडला, आयुष्यात पहिल्यांदा. "ताई, तिनं सगळ्यांसमोर कबूल केलंय. नोकरी घालवलीय. आता तरी मिटव ना."

"वहीतलं मिटलं," वन्सं म्हणाल्या. "घरातलं मिटायला माझी बोटं लागतील. ती आणून दे, मिटवते."

त्यांनी दार लावून घेतलं. नवऱ्यानं टीव्ही लावला नाही. ती बराच वेळ त्या बंद दारासमोर उभी होती, आणि आतून कसलाही आवाज आला नाही.